फुलांची घाटी आणि एक जुनी थकबाकी



गेले काही दिवस आपल्या ग्रुपवर प्रवासाच्या आठवणी येत आहेत. कुणी चारधाम लिहिलं, कुणी युरोप. बहुतेक सगळे टूरवाल्यांबरोबर गेलेले. आम्ही दोघं मात्र एकदा टूरवाल्याशिवाय, गाईडशिवाय, पाठीवर पिशव्या टाकून पायी फिरून आलो, २०१९ च्या ऑगस्टमध्ये. माझं वय तेव्हा ६८, हिचं ६२. लिहू की नको करता करता बरीच वर्षं गेली. नको वाटण्याचं कारण पुढे येईलच. बँकेत ३८ वर्षं नोटशीट लिहिल्या, त्यामुळे जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

सुरुवात १९७८ पासून करावी लागेल. आमचं लग्न ठरलं होतं. हिचं माहेर ग्वाल्हेरचं. कॉलेजात एनसीसीत होती, परेडमध्ये पुढे असायची. साखरपुडा झाल्यावर महिन्याभरात तिला पत्र आलं की उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत २८ दिवसांच्या बेसिक कोर्ससाठी तिची निवड झाली आहे. माझे सासरे मुद्दाम इंदूरला आले. आमच्या बाहेरच्या खोलीत बसून त्यांनी विषय काढला. आई म्हणाली, "लग्न ठरलेली मुलगी महिनाभर डोंगरात? हातपाय मोडून आली तर?" सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जावईबापू, तुमचं काय मत?" मी बी.कॉम. झालेला, बँकेत पाच वर्षं नोकरी केलेला माणूस. मी म्हणालो, "आई म्हणेल तसं."

झालं. त्यावर पुढे कधी बोलणं झालं नाही. संसार झाला, बदल्या झाल्या, खांडवा, रतलाम, जबलपूर, परत इंदूर. मुलगा पुण्याला, मुलगी वडोदऱ्याला. एलटीसी घेऊन आम्ही भरपूर फिरलो. पण बस कुठली, हॉटेल कुठलं, किती वाजता उठायचं, सगळं मी ठरवायचो. ही डबे भरायची.

२०१८ च्या दिवाळीत नात आली होती. तिच्या शाळेचा हिमालयात ट्रेक होता, तिला आजीची सही हवी होती, उगीच गंमत म्हणून. ही आत गेली आणि ट्रंकेतून एक पिवळं पडलेलं कात्रण घेऊन आली. 'नई दुनिया'तलं, मे १९८४ मधलं, बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचल्याची बातमी. नातीला म्हणाली, "ही शिकली ना, त्याच जागी मला बोलावलं होतं." नात म्हणाली, "मग गेली का नाहीस?" ही हसली, म्हणाली, "राहून गेलं." मी शेजारीच पेपर वाचत होतो. पेपर खाली करायचं धाडस झालं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी पोहे खाताना म्हणालो, "आपण उत्तरकाशीला जाऊ." ही म्हणाली, "आता तिथे जाऊन काय करू? दारातून बघू?" मग जरा थांबून म्हणाली, "फुलांची घाटी बघायची आहे. पण चालत. घोड्यावर नाही."

मी लगेच चौकशीला लागलो. एका ट्रेकिंग कंपनीने आमची वयं ऐकून दुसरीकडे बघा म्हणून सांगितलं. मुलाचं म्हणणं, "बाबा, हेलिकॉप्टर आहे, त्यानेच जा." हीच म्हणाली, "रस्ता बांधलेला आहे, मुक्कामाला जागा आहे, वाट एकच आहे. कंपनी कशाला हवी?" मला पटलं. यावेळी वही तिच्या हातात दिली. दिवस तिने आखले, मी फक्त हिशेब ठेवला.

तयारी तीन महिने केली. रोज सकाळी एक तास चालणं, आणि दर रविवारी रालामंडलची टेकडी, वर शिकारगाहपर्यंत चढून खाली. पहिल्या रविवारी मी तीनदा बसलो, ही एकदाही नाही. डॉक्टरांकडून ईसीजी, रक्तदाब सगळं करून घेतलं. नवे बूट जूनमध्येच घेऊन घरात वापरले. ज्यांना जायचं असेल त्यांनी हे एवढं नक्की करा. नवे कोरे बूट घालून डोंगरात जाऊ नका.

राखी झाली आणि निघालो, गणपतीच्या आत परतायचं म्हणून. इंदूरहून देहरादूनची थेट गाडी तेव्हा हरिद्वारला थांबायची. तिथून ऋषिकेश. बसस्टँडवर पहाटे कंडक्टर ओरडत होते, "उत्तरकाशी, उत्तरकाशी!" आमची गाडी दुसरी, जोशीमठची. मी हिच्याकडे पाहिलं. ती पिशवीची चेन लावत होती, लक्ष नसल्यासारखी.

ऋषिकेशपासून जोशीमठ अडीचशे किलोमीटर. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे संगम एकेक मागे पडतात. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळतात आणि तिथून पुढे तिला गंगा म्हणतात. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता तासन्‌तास बंद पडतो. आमचाही पडला, चार तास. म्हणून हाताशी दोन दिवस जास्तीचे ठेवा आणि परतीचं तिकीट घट्ट काढू नका.

जोशीमठहून जीपने गोविंदघाट, तिथून वर पुलनापर्यंत दुसरी जीप. पुढे चालणं. घांघरिया साधारण दहा किलोमीटर, चढ सलग. शेजारी नदी, तिला लक्ष्मणगंगा म्हणतात. २०१३ च्या जूनमधल्या पुराने ही सगळी दरी धुऊन नेली होती. भ्यूंडार गावाची पडझड वाटेवर तेव्हाही दिसत होती. हेमकुंड साहिबला जाणारे सरदारजी, त्यांच्या म्हाताऱ्या आया, अनवाणी मुलं, सगळे याच वाटेने. आम्हाला सात तास लागले. घांघरिया तीन हजार मीटरच्या थोडं वर आहे. रात्री जेवण गेलं नाही, डोकं जड झालं. हिने दोन पोळ्या आणि डाळ व्यवस्थित खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला घाटीच्या फाटकाशी. फुलांची घाटी १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटरचं, आणि २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात. आत घोडी चालत नाहीत, मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत सगळ्यांनी बाहेर यायचं. तिकीट तेव्हा तीन दिवस चालायचं. बाहेरच्या जगाला ही जागा माहीत झाली ती १९३१ साली. फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती कामेट शिखर चढून परतताना या दरीत उतरले. १९३७ मध्ये तो पुन्हा आला, फुलं गोळा केली आणि पुढच्या वर्षी पुस्तक लिहिलं. गावकऱ्यांना आणि त्यांच्या मेंढ्यांना ती त्याआधीपासून माहीत होतीच.

फाटकानंतर वाट आधी उतरते, पुष्पावतीचा पूल येतो आणि मग उभा चढ, भोजपत्राच्या झाडांतून. पुलापर्यंत मी ठीक होतो. चढ अर्धा झाला आणि दम पुरेना. दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. त्यात उजवा गुडघा बोलायला लागला. ही प्रत्येक वळणावर माझ्यासाठी उभी राहात होती. एका सपाट दगडाशी मी बसलो आणि म्हणालो, "आता बास. परत फिरू."

ही काही बोलली नाही. पाऊस भुरभुरत होता. तिने माझ्या खांद्यावरचा रेनकोट नीट केला, पाण्याची बाटली काढून दिली, आणि म्हणाली, "अहो, मी जाऊ का पुढे?"

मंडळी, तुम्हाला खरं सांगतो, माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. एकटी कशी जाशील, घसरलीस तर, मुलांना काय सांगू. आईचंच वाक्य, फक्त माणूस बदललेला. चाळीस वर्षं उलटून गेली होती आणि मी त्याच खोलीत बसलो होतो.

म्हणालो, "जा. दोनपर्यंत ये."

तिने घड्याळ पाहिलं, साडेनऊ झाले होते. लाल छत्री काठीसारखी धरून ती चढ चढून गेली. वळणावर मागे वळून पाहील असं वाटलं होतं. नाही पाहिलं.

मग मी बसलो. वनविभागाची कामाची माणसं टोपल्या घेऊन खाली येत होती. एकजण बिडी प्यायला शेजारी टेकला. मी विचारलं, काय काम करता? तर म्हणाला, घास उखाडतो. पॉलिगोनम नावाची एक वनस्पती आहे, ती माणसाच्या उंचीची होते आणि बाकीच्या फुलांना उजेड मिळू देत नाही. दरवर्षी ती हाताने उपटतात. त्याच्या वडिलांच्या वेळी मेंढ्या इथे चरायच्या, त्या सगळं सारखं खाऊन ठेवायच्या. उद्यान झालं आणि चराई बंद झाली. तो म्हणाला, "पहले भेड़ खाती थी, अब हम उखाड़ते हैं, तनखा पे." त्याच्या बोलण्यात तक्रार होती की विनोद, ते मला कळलं नाही.

दोन वाजले. धुकं उतरलं. सव्वादोन. वरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होतो, "लाल छाता लिए एक आंटी दिखीं?" कुणी म्हणे दिसली, कुणी म्हणे नाही. त्या घाटीत जोन लेग नावाच्या इंग्रज बाईंची समाधी आहे. १९३९ साली फुलं गोळा करताना घसरून पडल्या आणि तिथेच गेल्या. हे मी आदल्या रात्री वाचलं होतं. कशाला वाचलं असं झालं. अडीच. बंगालच्या पोरांचं एक टोळकं आलं, त्यांतला एक हसून म्हणाला, "वो आंटी? वो तो हम सबसे आगे थीं."

पावणेतीनला ती आली. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली, चेहरा लाल. समाधीपर्यंत जाऊन आली होती. मी रागावणार होतो. पण तिचा चेहरा बघितला आणि राहिलं. तो चेहरा मी लग्नात पाहिला नव्हता, पोरं झाली तेव्हाही नाही.

मी म्हणालो, "७८ साली मी बोलायला हवं होतं."

मला वाटलं, म्हणेल, जाऊ द्या, जुनं झालं. आपल्या बायका तेच म्हणतात.

ती म्हणाली, "हो. हवं होतं."

आणि माझ्या शेजारी दगडावर बसून डब्यातली शेंगदाण्याची चिक्की काढली. अर्धी मला दिली. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी माझा विचार खोलीतच पडून राहायचा होता. हिने सकाळी सहाला उठवलं. म्हणाली, "तिकीट तीन दिवसांचं आहे. आज तुमच्या चालीने जाऊ." पाठीची पिशवी तिने घेतली. दर वीस पावलांवर थांबलो. तीन तासांऐवजी पाच तास लागले, पण चढ संपला आणि घाटी उघडली. गुलाबी तेरड्याचे पट्टे, पांढरी, पिवळी, जांभळी फुलं, वर ढगात बर्फ. ही आदल्या दिवशी सगळं बघून आलेली, त्यामुळे मला दाखवत होती. "हा निळा पॉपी, नीट बघा, थोडेच उरलेत. हे जिरेनियम. ती कोब्रा लिली, फणा काढल्यासारखी." बँकेत नवीन क्लार्कला लेजर दाखवावं तसं. मी मान डोलावत मागून चालत होतो. पहिल्या मोकळ्या कुरणापर्यंतच गेलो, समाधी मी काही पाहिली नाही.

गणपतीच्या दोन दिवस आधी घरी पोचलो. आई २००३ मध्येच गेली. आरती करताना तिच्या फोटोकडे पाहिलं आणि वाटलं, तिलाही दोष काय द्यायचा. विचारलं मला होतं.

त्यानंतर ही दोनदा डोंगरात जाऊन आली, तिच्या मैत्रिणींबरोबर. मी स्टेशनवर सोडायला जातो आणि डबा मी भरतो. पराठे जरा जाड होतात, पण तक्रार आलेली नाही.

ही पोस्ट टाकण्याआधी तिला वाचायला दिली. वाचून म्हणाली, "पावणेतीन नाही, दोन चाळीसला आले होते." तेव्हा तेवढी दुरुस्ती करून वाचावी.

चूकभूल द्यावी घ्यावी.