शेवटच्या थेंबाचा हिशेब

पाण्यात कॉस्टिक सोडा विरघळला की दिसेनासा होतो. पाणी तापतं, थोड्या वेळाने निवतं आणि पुन्हा पहिल्यासारखं नितळ दिसू लागतं. लिटरमागे पाच ग्रॅम पडलाय की दहा, हे कितीही निरखून पाहिलं तरी डोळ्यांना सांगता येत नाही. सुताला मात्र ते बरोबर कळतं.

मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहते आणि रसायनशास्त्र शिकवते. इथून पूर्व भागाकडे निघालं की मागांचा खडखडाट कानावर येऊ लागतो. १८७७ साली इथे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली, तेलंगणातून पद्मशाली विणकर येऊन स्थिरावले, आणि चादर-टॉवेलनं या गावाला नाव मिळवून दिलं. चादरीचं कौतुक करताना लोक तिची वीण पाहतात, नक्षी पाहतात. मला आधी दिसतो तो रंग. वर्षानुवर्षं धुऊनही जो टिकतो, तो पक्का रंग. त्याच्या पक्केपणात एक साधं गणित मुरलेलं आहे, आणि तेच मी वर्गात शिकवते.

पक्क्या रंगांपैकी व्हॅट रंग मुळात पाण्यात विरघळत नाहीत. रंगारी पाण्यात कॉस्टिक आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) घालतो. हायड्रो रंगाला क्षपित करतो, कॉस्टिक त्याला विरघळवून ठेवतो, आणि त्या रूपात रंग सुताच्या गाभ्यापर्यंत पोचतो. मग लडी बाहेर काढून हवेवर धरली की रंग आपल्या मूळ, न विरघळणाऱ्या रूपात परततो आणि आतच अडकतो. कॉस्टिक कमी पडलं तर रंग आधीच साका धरतो आणि सुतावर डाग पडतात. जास्त झालं तर ते गटारात जातं. म्हणून रंग घालायच्या आधीच त्या नितळ पाण्यात कॉस्टिक नेमकं किती आहे, ते कळायला हवं.

ते कळतं अनुमापनाने. त्या पाण्यातलं दहा मिलिलिटर पिपेटने चंचुपात्रात घ्यायचं आणि फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकायचे. पाणी गुलाबी होतं. मग ब्युरेटमधून ०.१ मोलर सल्फ्युरिक आम्ल थेंबथेंब सोडायचं. प्रत्येक थेंब पडतो तिथे गुलाबी रंग क्षणभर विरतो आणि पात्र हलवलं की पुन्हा पसरतो. हा परतणारा रंग हळूहळू थकतो. शेवटी एका थेंबानंतर तो येतच नाही. समजा, तोवर १२.५ मिलिलिटर आम्ल खर्च झालं.

आता कागद-पेन्सिल. १२.५ मिलिलिटरमध्ये आम्लाचे ०.००१२५ मोल होते. समीकरण सांगतं की सल्फ्युरिक आम्लाच्या एका रेणूला उदासीन करायला सोडियम हायड्रॉक्साइडची, म्हणजेच कॉस्टिक सोड्याची, दोन एककं लागतात. म्हणजे पात्रात कॉस्टिकचे ०.००२५ मोल होते. ते दहा मिलिलिटरमध्ये होते, तेव्हा लिटरमागे ०.२५ मोल. एक मोल म्हणजे ४० ग्रॅम, म्हणून लिटरला दहा ग्रॅम. संहती सापडली.

या सगळ्यात तो ‘दोन’ माझा फार लाडका आहे. तो विसरला तर उत्तर पाच ग्रॅम येतं, आणि ते पाहून कुणी आणखी पाच ग्रॅम ओतलं तर हजार लिटरच्या टाकीत पाच किलो कॉस्टिक उगाच जाईल. उलट, ब्युरेटच्या एका थेंबाची, म्हणजे सुमारे ०.०५ मिलिलिटरची, गफलत झाली तर उत्तर लिटरमागे फक्त ०.०४ ग्रॅमने हलतं. हात थोडा थरथरला तरी निसर्ग सांभाळून घेतो. समीकरण चुकलं तर नाही.

रंगाची टाकी उघडी राहिली तरी हेच गणित चालूच असतं. हवेतला ऑक्सिजन हायड्रोला खातो, आणि हायड्रोचा प्रत्येक मोल संपताना कॉस्टिकचे दोन मोल सोबत घेऊन जातो. ८.७ ग्रॅम हायड्रोमागे ४ ग्रॅम कॉस्टिक, आणि त्याला पुरतो १.६ ग्रॅम ऑक्सिजन. तेवढा तर सुमारे सहा लिटर हवेत असतो! जुने रंगारी टाकी नाहक ढवळू देत नाहीत. त्यांच्या अनुभवाने जे ओळखलं, ते समीकरणही त्याच ठामपणे सांगतं.

आम्ल आणि अल्कली ठरावीक प्रमाणातच एकमेकांना उदासीन करतात, हे जर्मन रसायनज्ञ येरेमियास रिश्टरने १७९२ च्या सुमारास आकड्यांत मांडलं. त्याच काळात फ्रान्समध्ये रुआँ या कापडाच्या गावी देक्र्वाझीय हा रसायनज्ञ क्लोरीनच्या विरंजक पाण्याची ताकद निळीच्या द्रावणाने मोजत होता. किती निळीचा रंग उडाला, त्यावरून पाण्याचा जोर. आज जगभरच्या प्रयोगशाळांत रुळलेल्या अनुमापनाच्या रीतीची मुळं कापडाच्या कामात आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. सोलापूरच्या मुलांना तर हे विज्ञान परकं वाटायचं काहीच कारण नाही.

तरीही वर्गात हा धडा अनेकांना रुक्ष वाटतो. सूत्र पाठ, आकडे घाला, उत्तर काढा, असं केलं की त्यातला अर्थ निघून जातो. खरं तर या गणितात एक फार मोठा भरवसा आहे. समोरच्या पदार्थाचं माप दिसत नसलं तरी त्याच्याशी नेमक्या प्रमाणात जुळणारं दुसरं काही आपल्या हाती असतं, आणि ते किती खर्च झालं हे प्रामाणिकपणे टिपलं की न दिसणाऱ्याचा पत्ता लागतो. अभिक्रियेत काहीही हरवत नाही. जे गेलं, ते कशात गेलं आणि किती गेलं, याची नोंद समीकरणात असते.

म्हणून मुलांनो, द्रावणाचं गणित सोडवायला बसाल तेव्हा आकड्यांना हात घालण्याआधी समीकरण संतुलित करा. कोणाचे किती रेणू कोणाच्या किती रेणूंशी जुळतात, ते एकदा पाहा. तेवढं नीट झालं की उरतो तो फक्त गुणाकार-भागाकार, आणि तो तुम्हाला चौथीतच येत होता.