सरायचं इंग्रजी

गावातल्या एका पोराच्या रजेचा अर्ज मी लिहून दिला, आणि त्याची आषाढीची रजा गेली. मी इंग्रजीचा मास्तर. दोष दुसऱ्या कुणावर ढकलायला जागाच नाही.

पोरगं पुण्यात नोकरीला. साहेब महिन्याआधी सहज म्हणाले होते, 'आषाढीला कामाचा ताण नसतो.' रजा मिळेल, असा त्याचा अर्थ. हे अर्जात अदबीनं कसं लिहावं? शब्दकोशात 'इन्सिन्युएट' सापडलं. अर्थ दिलेला, आडून सुचवणे. मला वाटलं, आडून म्हणजे नम्रपणे. ठोकून दिलं : आपण गेल्या महिन्यात रजेचं 'इन्सिन्युएट' केलं होतं. साहेबांनी वाचलं ते असं, की तुम्ही कुजकं बोलला होतात. लॅटिनमध्ये या शब्दाच्या मुळाशी वळण आहे. वळणावळणानं आत शिरणं. विंचू शिरतो तसं. हे मी नंतर पाहिलं.

आषाढीला नारायणगडावर गेलो. नगद नारायण महाराजांचं हे ठिकाण, धाकटी पंढरी. पंढरपूर न घडलेल्यांची तिथे रीघ. दर्शन करून उतरताना पोराची आजी भेटली. पाया पडू दिलं, कपाळावर बुक्का टेकवला आणि शेजारणीकडे तोंड करून म्हणाली, "सरायचं इंग्रजी लई वजनदार हाय बाई. पोराला उचललंच नाही." लेकी बोले, सुने लागे! वर्गात न कळलेलं 'इन्सिन्युएट' पायरीवर कळलं. पोराचा बाप मात्र एवढंच म्हणाला, "सर, पुढच्या साली अर्जाचा ताण तुम्ही घेऊ नका." हे 'इम्प्लाय'. शब्द गोड, घडी उलगडली की आत नकार.

आणि त्याचं म्हणणं मी ओळखलं, ते 'इन्फर'. इथे तर माझा जुनाच गुन्हा. 'इम्प्लाय' आणि 'इन्फर' एकच, असं मी कैक वर्षं फळ्यावर लिहून दिलं. बोलणारा सुचवतो, ऐकणारा ताडतो, एवढा साधा भेद. आपल्या मराठीत दोन वेगळी क्रियापदं तयार असताना मला तो दिसला नाही. त्या वह्या अजून कुणाकुणाच्या माळ्यावर असतील. असल्या तर ते पान फाडा.

पुढच्या साली पोरानं अर्ज स्वतःच लिहिला. दोन ओळी : आषाढीला वारीला जायचं आहे, रजा द्यावी. मिळाली.