व्यालेल्या मांजरीचा राग

नागपूर

चि. छकुली,


‘माझीच मांजर माझ्यावर फिस्कारली’ हे वाचून मला आधी हसूच आलं. रुसू नकोस. पहिले आठ-पंधरा दिवस तिला पिल्लांखेरीज कुणी दिसत नाही. रोज वाटीत दूध घालणारी तूसुद्धा परकी. पिल्लांचे डोळे मिटलेले, कान बंद, अंगात ऊब टिकत नाही. शी-शूही आईने चाटल्याशिवाय होत नाही. हे सगळं एकटीने निभावणारी गोड बोलेल कशी?

पिल्लं सारखी हलवते म्हणतेस. मांजर सात घरं फिरवते, असं आजी म्हणायची. सातचा हिशेब काही मांजर ठेवत नाही, पण जागेला वास सुटला, वर्दळ वाढली किंवा बोका हुंगून गेला, की ती बिऱ्हाड उचलते. बोक्याची भीती खोटी नाही, तो पिल्लं मारतो. ओमतीतला घंटाघराकडचा गोंगाट, वर जबलपूरचं ऊन, आणि तुझं ऊठसूट डोकावणं! गार कोपऱ्यात खोकं ठेव, जुनी सुती साडी अंथर, शेजारची पोरं आत सोडू नकोस. मानगूट धरल्यावर पिल्लू लुळं पडतं, ते दुखून नव्हे. तिने वार खाल्ली म्हणून किळसही करू नकोस. बहुतेक मांजरी खातात.

आजार मात्र वेगळा ओळखायचा. ती धापा टाकत येरझाऱ्या घालू लागली, पाय थरथरून ताठरले, तर रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही, आणि मनाने औषधही द्यायचं नाही. सड गरम आणि कडक लागले, अंगावरून घाण वासाचं जाऊ लागलं, किंवा खाणं सोडून ती पिल्लांपासून लांब बसली, तरी थेट डॉक्टर. तुमच्या गावात 1948 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा वेळी शेजारणींचे सल्ले कशाला?

चौथ्या आठवड्यापासून तीच पिल्लांना झिडकारू लागेल. कुठूनसा उंदीर आणून पुढ्यात टाकेल. ती त्यांची शिकवणी, तेव्हा किंचाळू नकोस. पिल्लं पीत असतानाही ती पुन्हा माजावर येऊ शकते, म्हणून तिला घराबाहेर सोडू नकोस. आठ आठवडे होईपर्यंत पिल्लू कुणी कितीही मागितलं तरी देऊ नकोस. पिल्लं दुधावरून सुटली, की डॉक्टरांना विचारून मांजरीची नसबंदी करून घे. एवढं माझं ऐकच.

तुझी,
मावशी