आधी कॉक बंद

१४ एप्रिल

स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय. आईंनी खाली पातेलं लावलं आणि जमलेलं पाणी कुंड्यांना घालायला सुरुवात केली, त्यामुळे घरात कुणालाच घाई नाही. मी लिटरचं माप ठेवून पाहिलं, तासाभरात काठोकाठ भरलं. म्हणजे दिवसाला २४ लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा पाणीपुरवठ्याचा मापदंड. त्यातला सहाव्या हिश्श्याहून जास्त वाटा हा नळ एकटा पितो. आईंना आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "मग मोठं पातेलं लाव."

शेवटी पाना काढला. आधी नळावरचा स्टॉप कॉक बंद केला, मग नळ उघडून आत अडकलेलं पाणी सोडून दिलं. पान्याच्या जबड्यात जुन्या साडीचा तुकडा धरला, म्हणजे नळाच्या चकाकीवर ओरखडे पडत नाहीत. डोकं सैल झालं, स्पिंडल वर आला आणि खाली जंपरवर बसलेला वायसर दिसला. काळा, कडक, मधोमध गोल खाच पडलेली. नळ बंद करताना जितका जोर लावावा तितकी ही खाच खोल जाते, आणि गळतोय म्हणून आपण आणखी जोर लावतो. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी "नळ घट्ट बंद कर" म्हणते, ते आता थांबवायला हवं.

वायसर बदलण्याआधी नळाच्या आतल्या बैठकीवरून बोट फिरवायचं. ती गुळगुळीत असेल तर काम झालं. खडबडीत लागली तर नवा वायसरही टिकत नाही, नळच बदलावा. आमची बैठक शाबूत आहे.

१५ एप्रिल

न्हाणीघरातला अर्ध्या फेऱ्याचा नळही आता जड फिरतो. त्यात वायसर नसतो, सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. टँकरच्या पाण्याचे क्षार आणि बारीक रेती त्यात शिरली की चकतीवर चरे पडतात, मग आतला अख्खा कार्ट्रिज बदलायचा. तो "अर्धा इंची" म्हणून मागून मिळत नाही. माप एकच असलं तरी प्रत्येक कंपनीची लांबी वेगळी, वरचे दाते वेगळे.

हार्डवेअरवाल्या काकांचा म्हणून एकच नियम: "ताई, फोटो नको, जुना तुकडा आणा." काउंटरवर बाटलीभर स्पिंडल ओतून ते दाते जुळवत बसतात. गल्लीतला हा माणूस मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा भरवशाचा वाटतो, कारण चुकीचा माल दिला तर मी उद्या पुन्हा त्याच्याच काउंटरवर उभी असणार, हे त्याला माहीत आहे.

टेफ्लॉन टेपही घेतली. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर घट्ट करताना सुटून गोळा होते. काकांनी जुना काळ सांगितला. तेव्हा आट्यांवर सूत गुंडाळून वर सफेदा चोपडायचे. असे सांधे उघडायला निम्मा दिवस जायचा म्हणे.

१७ एप्रिल, गुरुवार

देखभालीसाठी पाणी बंद. पुण्यात गुरुवारी पाणी नाही म्हटलं की कुणी कारण विचारत नाही. बादल्या, पिंप, कुकरसुद्धा भरून ठेवले.

१८ एप्रिल

पाणी आलं, खालच्या तिन्ही मजल्यांवर आलं, आमच्याकडे नाही. नळ उघडला की नुसता फुसफुसतो. सगळ्यात वरच्या मजल्याचं हे जुनंच दुखणं. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो दाब देतो. आमच्या डोक्यावर टाकी आहे जेमतेम तीन मीटरवर. तेवढ्या दाबाला पाइपमध्ये अडकलेला हवेचा फुगा पुढे ढकलवत नाही. तळमजल्याला यातलं काही कळतसुद्धा नाही.

वॉचमनदादांना सांगून त्याच लाइनवरचा तळमजल्याचा नळ पूर्ण सोडायला लावला. पाण्याच्या ओढीबरोबर हवा निघाली, पाइप दोनदा ढुसण्या मारून गप्प झाला आणि आमच्याकडे आधी गढूळ, मग स्वच्छ धार आली. पण दर आठवड्याला ही कसरत का, हे पाहायला गच्चीवर गेले. टाकीतून खाली उतरणाऱ्या प्रत्येक लाइनला टाकीपेक्षा उंच असा मान वाकवलेला उभा पाइप असतो, हवेला वाट म्हणून. आमच्या लाइनचा तो पाइप गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी कुणीतरी कापून वर टोपी बसवली आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शहरात पाणी आणलं तेव्हा त्या नळावर हवा सुटायला जागोजागी उच्छ्वास बांधले होते. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या लोकांना जे कळत होतं, ते आमच्या ठेकेदाराला कळलं नाही. सेक्रेटरींना चिठ्ठी दिली.

२३ एप्रिल

फ्लशच्या टाकीतून रात्री बारीक सळसळ ऐकू येते. झाकण काढलं, जिलेबीचा केशरी रंग चिमूटभर टाकला आणि फ्लश न करता वीसेक मिनिटं थांबले. भांड्यात केशरी ओघळ उतरला. म्हणजे तळाचं रबर गेलं. टाकीतलं पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढलेलं असतं, तर फ्लोट वर चढून जादा पाणी त्या नळीतून वाहून जातंय असं समजायचं. मग फ्लोटचा स्क्रू थोडा खाली आणायचा. खाली अँगल कॉक आहे, तो बंद केला आणि रबर बदललं. भिंतीत पुरलेली टाकी असती तर मी झाकणालाही हात लावला नसता.

माझी सीमारेषा तिथेच आहे. लोक विचारतात, तुला कुठवर जमतं? जमण्याचा प्रश्न दुसरा, पाणी कुठे बंद होतं हा पहिला. हाताशी कॉक आहे आणि सांधा डोळ्यांना दिसतोय, तिथवर काम माझं. पाणी गच्चीवरूनच बंद होत असेल, किंवा सांधा टाइलच्या मागे असेल, तर फोन करायचा. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला की चारही मजले कोरडे पडतात, आणि चार घरांचं पाणी तोडून हात साफ करून घ्यायचा नसतो.

२७ एप्रिल

खालच्या मजल्यावरचे काका सकाळीच आले. त्यांच्या न्हाणीघराच्या छताला ओल आली आहे, पोपडे पडताहेत. फार सौम्यपणे म्हणाले, "तुम्ही घरच्या घरी दुरुस्त्या करता ना, म्हणून विचारलं." टोमणा पोचला. चहा दिला आणि त्यांच्याकडे जाऊन छत पाहून आले. भिंतीच्या कोपऱ्याला, डक्टच्या बाजूला, ताटाएवढा पिवळा डाग, कडेने मिठासारखे पांढरे क्षार. हे माझ्या पान्याचं काम नाही. मिस्त्रींना फोन केला.

२९ एप्रिल

मिस्त्री मूळचे ओडिशातल्या केंद्रापाड्याचे. त्या जिल्ह्यातले, विशेषतः पट्टामुंडाईकडचे प्लंबर देशभर पसरलेले आहेत. तिथे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. हे इतकी वर्षं पुण्यात आहेत की पेठांची नावं माझ्यापेक्षा नीट सांगतात.

त्यांनी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. काकांना पहिला प्रश्न विचारला, "ओल कायम सारखी असते, का वरती आंघोळ झाली की वाढते?" पुरवठ्याच्या पाइपमध्ये चोवीस तास दाब असतो, तो फुटला तर ओल थांबत नाही. सांडपाण्याचा पाइप किंवा फरशी गळत असेल तर वापर झाल्यावरच वाढते. काका म्हणाले, सकाळी दहापर्यंत वाढते, दुपारी ओसरते. पुरवठ्याची लाइन तिथल्या तिथे सुटली. म्हणजे टाइल फोडून आतले पाइप शोधायचं, हजारो रुपयांचं काम टळलं.

मग आमच्या नहाणी ट्रॅपला बोळा लावून फरशीवर बोटभर पाणी साठवलं. दिवसभर तसंच राहू द्यायचं. आम्ही सगळे शेजारच्या मावशींकडे आंघोळीला.

जाता जाता मिस्त्री वाकून टाइलच्या सांध्यांवरून नख फिरवत होते. "ॲसिड नाही ना टाकत? बरं आहे." पांढऱ्या टाइलच्या हौसेपायी लोक दर आठवड्याला ॲसिड ओततात. ते सांध्यांतलं सिमेंट खातं, आणि मग पाणी टाइलखालून खालच्या घरात उतरतं. तुंबलेल्या मोरीत आधी पुडीतली पावडर आणि ती चालली नाही म्हणून वरून ॲसिड, हा त्याहून वाईट प्रकार. ती पावडर म्हणजे कॉस्टिक सोडा. दोन्ही एकत्र आले की पाणी उकळून अंगावर उसळतं. मोरी तुंबली तर रबरी पंप मारावा, सिंकखालचा बॉटल ट्रॅप बादली लावून खोलावा. आमच्या ट्रॅपमधून आजवर भात, केस आणि आईंचं हरवलेलं जोडवं निघालं आहे.

३० एप्रिल

दिवसभर पाणी साठलेलं, आणि काकांचा डाग उलट सुकला. म्हणजे आमची फरशी निर्दोष. मग मिस्त्रींनी ट्रॅप मोकळा केला, रंगीत पाणी सोडलं आणि स्वतः डक्टमध्ये उतरून टॉर्च मारला. चारही मजल्यांचं सांडपाणी नेणाऱ्या बिडाच्या उभ्या पाइपला, नेमका आमच्या दोन मजल्यांच्या मध्ये, सांध्याखाली तडा. केशरी धार तिथून भिंतीवर येत होती. काकांना मोबाइलवर दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांच्याकडून कैऱ्या आल्या.

मिस्त्रींनी पैसे सांगितले तेवढे दिले. काहीच फोडलं नाही, मग एवढे कशाचे, असं घरातून विचारलं गेलं. फोडावं लागलं नाही, त्याचेच.

२ मे

कमिटीची बैठक. एकाचं म्हणणं, दोन घरांमधला प्रश्न आहे, त्यांनी आपसात निम्मे-निम्मे करावेत. मी उपविधींचं पुस्तक घेऊनच गेले होते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हे स्पष्ट आहे: बाहेरच्या सामायिक पाइपलाइनची आणि सांडपाण्याच्या लाइनची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, संडास, सिंक अशा घरातल्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा. आपल्याकडची निम्मी भांडणं हे पान न वाचल्यामुळे होतात आणि उरलेली वाचल्यावर, असं सेक्रेटरी म्हणाले. खर्च मंजूर झाला. त्याच झटक्यात गच्चीवरच्या हवेच्या पाइपचंही काम घातलं.

५ मे

गीझर चालू असताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात. वहिनी आल्या होत्या, म्हणाल्या, "आमच्याकडे एकाने तिथे डमी मारून दिली, थेंब बंद!" मी त्यांना जेवण होईपर्यंत सोडलं नाही. पाणी तापलं की फुगतं, ते थेंब म्हणजे त्याची सुटायची वाट. ती बंद केली आणि थर्मोस्टॅट चिकटला, तर टाकी फुटू शकते. आजच काढून घ्यायला लावते, असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. थेंबांऐवजी सतत धार लागली तर कंपनीच्या माणसाला बोलवावं. गीझरच्या आतल्या कामाला मी हात लावत नाही, मिस्त्रीही लावत नाहीत. पाणी आणि वीज एकाच डब्यात आहेत.

गरम पाण्याच्या लाइनला मात्र कुठला पाइप घातलाय ते कुणीही पाहू शकतं. सीपीव्हीसी असेल तर नव्वद अंशांपर्यंत चिंता नाही. साधा यूपीव्हीसी साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. स्वस्तात काम करून देणाऱ्याचा पाइपवरचा छापील शिक्का वाचून घ्यावा.

१० मे

डक्टमधला तडकलेला तुकडा काढून नवा बसवला. गच्चीवर हवेचा पाइपही उभा राहिला. त्या कामात आमच्या लाइनचा पितळी गेट व्हॉल्व्ह फिरेचना. वर्षानुवर्षं कुणी हातच लावला नव्हता, आत क्षार धरून जाम झालेला. मिस्त्रींनी जोर लावला नाही. असा व्हॉल्व्ह तुटतो तो नेमका अर्धा उघडा असताना, आणि मग टाकी रिकामी होईपर्यंत बघत बसावं लागतं. त्यांनी आधी टाकी उपसली आणि मग तो काढून पाव फेऱ्यात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह बसवला. आता त्यावर ऑइलपेंटने मजल्यांचे आकडे लिहिले आहेत.

सुट्टीत घर बंद करून गावाला जाणार असाल तर नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडंतेल ओतून जा, म्हणजे ट्रॅप सुकून झुरळं वर येणार नाहीत. आणि निघण्याच्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी, दुकानं उघडी असताना, आपला मुख्य कॉक एकदा पूर्ण बंद करून पाहा. अडला तर तिथेच हात थांबवा आणि प्लंबरला बोलवा.