पंचेचाळीस आणि चौतीस

मे महिना लागला की आमच्या ऑफिसात सकाळी जो कुणी येतो तो खांद्यावरची पिशवी खाली ठेवण्याआधी म्हणतो, "कितें गर्मी ही!" त्यावर कोपऱ्यातल्या टेबलावरून हमखास उत्तर येते, "राजस्थानांत पंचेचाळीस आसा, हांगां चवतीस. कित्याक रडटा?" सगळे हसतात, पंखा आणखी एका आकड्याने वाढतो आणि फायली उघडतात. मला मात्र हे उत्तर पटत नाही. ते पंचेचाळीस मी स्वतःच्या अंगावर घेऊन आलेय, म्हणून पटत नाही.

२०१८ सालची गोष्ट. सरकारी नोकराला लांबच्या प्रवासाला घराबाहेर काढणाऱ्या गोष्टी दोनच, मुलांची सुट्टी आणि संपत आलेला एलटीसीचा ब्लॉक. त्या वर्षी दोन्ही एकदम आल्या. "मे महिन्यात राजस्थान?" असे विचारून नातेवाइकांनी आम्हाला वेड्यात काढले, पण तिकिटे काढून झाली होती. मडगावला आम्ही मरुसागर एक्सप्रेस पकडली. केरळातल्या एर्नाकुलमहून निघून कोकण रेल्वेने अजमेरपर्यंत जाणारी ही गाडी. मरू आणि सागर, दोन उन्हाळ्यांची नावे एका पाटीवर!

वडोदरा मागे पडल्यावर डब्यातली हवा बदलली. मडगावला चढताना पाठीला चिकटलेली ओढणी सुटी झाली, ओठ मात्र तडकायला लागले. लेकाने वाऱ्यासाठी खिडकी वर केली तशी समोरच्या बाकावरच्या राजस्थानी आजींनी ती खाली ओढली आणि म्हणाल्या, "लू लग जाएगी, बेटा." आमच्याकडे मे महिन्यात कुणी खिडकी बंद केली तर त्याच्या डोक्यावर परिणाम झाला असेच म्हणतील.

आजींचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा त्याहून थंड असली तर वारा अंगातली उष्णता काढून नेतो. ती ४५ अंशांची असली तर तोच वारा उष्णता अंगात भरतो. म्हणून मारवाडातला माणूस उन्हात निघताना पागोटे बांधतो, लांब बाह्यांचा अंगरखा घालतो, बाई तोंडावर पदर ओढून घेते. आणि आमचा गोंयकार? तो घरी येतो, शर्ट खुंटीला टांगतो आणि उघड्या अंगाने बलकांवात जाऊन बसतो. दोघेही शहाणे. फक्त त्यांच्या गावांची अदलाबदल करू नये.

जैसलमेरला दुपारी रस्त्यावर कुत्रेही नव्हते. पिवळ्या दगडाच्या हवेल्या, जाडजूड भिंती, हाताच्या पंजाएवढ्या जाळ्या, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरची घरे एकमेकांना सावली देतात. आमच्याकडच्या जुन्या घरांत नेमके उलटे. मोठमोठ्या खिडक्या, मध्ये राजांगण, उंच कौलारू छप्पर आणि कौलांच्या फटींतून वर निघून जाणारी गरम हवा. तिकडचे घर दिवसा हवेला बाहेर ठेवते, आमचे तिला आत बोलावून पुढे पाठवते.

आम्ही उतरलो होतो त्या खोलीत कूलर होता. पत्र्याचा मोठा डबा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, त्यांच्यावर ठिबकणारे पाणी आणि आत पंखा. वीस मिनिटांत खोली अशी गार की मुलीने चादर मागितली. तिथल्या माठातले पाणी दात शिवशिवावे इतके थंड. धुतलेला टॉवेल गच्चीवर टाकून खाली येऊन चहा घेतला आणि वर गेले तर तो कडकडीत वाळलेला. रात्री तर आम्ही गच्चीवरच झोपलो, आणि पहाटे मलाही काही तरी पांघरावे लागले. हा असला कूलर घरी घेऊन जाऊया, असा हट्ट मुलांनी परतीच्या वाटेवर धरला होता. तो नेऊन उपयोग का नाही, हे त्यांना समजावताना मला स्वतःलाच ते नीट समजून घ्यावे लागले.

तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळले की पाणी उडून जाताना टोक गार होते आणि पारा खाली येतो. जिथे थांबतो ते ओल्या फडक्याचे तापमान. ४५ अंशांची हवा आणि १० टक्के आर्द्रता असेल तर हा ओला पारा साधारण २१-२२ अंशांपर्यंत उतरतो. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता, म्हणजे पणजीतली मेची एखादी साधी दुपार, तर तो २८ च्या वरच अडतो. कूलर काय, माठ काय, दोघांची धाव या आकड्यापर्यंतच. आणि आपले शरीर म्हणजे तरी काय, घामाने भिजलेले एक फडकेच की! घाम येण्याने माणूस गार होत नाही, घाम उडून जाण्याने होतो. आमच्या हवेत आधीच पाणी भरलेले. घामाला जायला जागा नसते, मग तो कानामागून, मानेवरून, कोपरावरून नुसता ओघळतो. पाणी गेले, मीठ गेले, आणि थंडावा मिळाला नाही तो नाहीच.

२०१० साली शास्त्रज्ञांनी मांडले की हा ओला पारा ३५ वर गेला तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत, पंख्याखाली बसून काही तासांपलीकडे तगणार नाही. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेत तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत शरीर ३१ च्या आसपासच हात टेकते असे दिसले. २८ आणि ३१ मध्ये फार अंतर नाही, हे सांगायला कारकुनाची आकडेमोड पुरे.

याचा अर्थ वाळवंटातला उन्हाळा सोसायला सोपा असा मुळीच नाही. राजस्थानातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली. तसल्या उन्हात माणसे पटापट पडतात. तिथली फसवणूक निराळी असते. घाम येतो पण दिसत नाही. त्वचेवर येताक्षणी उडून जातो. आमच्या घरातले गृहस्थ सम किल्ला-हवेल्या पायी फिरले, "घामच नाही बघ, बरे वाटते," म्हणत. संध्याकाळी डोके धरून बसले तेव्हा त्यांच्या निळ्या शर्टाच्या पाठीवर मिठाचा पांढरा नकाशा उमटलेला होता. आमचा उन्हाळा निदान बोंब मारून येतो. बगला भिजतात, घामोळे उठते, वहीचे पान मनगटाला चिकटते. तहान लागली हे कुणी सांगावे लागत नाही.

मराठीत या दोन्हींसाठी निरनिराळे शब्द आहेत याचे मला नेहमी कौतुक वाटते. झळा लागतात त्या विदर्भात, मराठवाड्यात. किनाऱ्यावर झळा नसतात, उकाडा असतो. उकडणे हा शब्द भांड्यातला, झाकण घालून वाफेत शिजवण्याचा. आमच्या पूर्वजांकडे आर्द्रता मोजायचे यंत्र नव्हते, पण शब्द मात्र त्यांनी अचूक निवडला. हवामान खात्याच्या हिशेबात तो बसत नाही. तिथे किनारपट्टीवर कमाल तापमान निदान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असल्याशिवाय उष्णतेची लाट म्हणत नाहीत. मार्च २०२३ मध्ये गोव्यात असे झाले, दोन दिवस शाळा दुपारी बाराच्या आत सोडल्या. पण गंमत बघा, अशा दिवसांत बहुधा घाटाकडून पूर्वेचा कोरडा वारा वाहत असतो आणि समुद्राचा वारा उशिरा पोहोचतो. म्हणजे आमच्याकडे आकडा चढतो तो हवा थोडी देशावरची झाल्यावर! मेमधल्या अस्सल गोव्याच्या उकाड्याला आकडा चढतच नाही, त्यामुळे त्याची लाट होत नाही, परिपत्रक निघत नाही आणि शाळेची घंटाही लवकर वाजत नाही.

रात्रीचे तर विचारूच नका. वाळवंट रात्री आपली उष्णता कोरड्या आभाळात सोडून देते. आमच्यावर दमट हवेची गोधडी पसरलेली. सासूबाई आता शहात्तरच्या. आमचे कौलारू घर जाऊन १९९८ साली स्लॅबचे झाले, वाड्यावरच्या सगळ्यांचे झाले तसे. दिवसभर तापलेला तो स्लॅब रात्री दोनपर्यंत ऊब सोडत राहतो. सासूबाई उठून दाराशी खुर्ची टाकून बसतात, मानेखाली ओला पंचा, आणि पहाटे केव्हातरी डोळा लागतो. "पंखो गरम वारें घालता गो," एवढीच तक्रार. डॉक्टरांनी बजावले आहे की या वयात अशा रात्री सलग आल्या की हृदयावर ताण येतो. दिवसाच्या आकड्यात या रात्रींची कुठेच नोंद नाही.

म्हणून गेल्या मे महिन्यात स्लॅबवर पांढऱ्या चिनी लाद्यांचे तुकडे बसवून घ्यायचे ठरवले. पांढऱ्या रंगावरून ऊन बरेचसे परत जाते. कामाला आलेला कारागीर राजस्थानचाच, बाडमेरकडचा. गोव्यात लादी आणि मार्बलच्या कामावर तिकडचे पुष्कळ लोक आहेत. मी विचारले, "तुम्हाला आमची गर्मी काय वाटत असेल!" तो हसला नाही. म्हणाला, गावी उन्हाळ्यात सकाळी अकरापर्यंत काम आणि मग थेट चारनंतर, मधल्या वेळी मालकही बाहेर पडत नाही. इथे ठेकेदार मोबाइलवर चौतीस दाखवतो आणि दिवसभर काम घेतो. दिवसात तीन शर्ट बदलतो, दुपारनंतर पायांत गोळे येतात, तरी गावाला फोनवर सांगितले तर कुणाला खरे वाटत नाही.

हे सासूबाईंनी आतून ऐकले. त्यांना हिंदी जेमतेम कळते, पण पायांत गोळे येणे त्यांना कळले असावे. अकरा वाजता त्यांनी त्याला उकड्या तांदळाची पेज दिली, वर मीठ आणि आंब्याचे मिस्कूट. त्याने वाटी तोंडाला लावली आणि म्हणाला, घरी याच वेळेला ताकात शिजवलेली बाजरीची राब असते, तीही अशीच खारट. मग सासूबाईंनी ठेकेदाराला बोलावून सांगितले की बारा ते साडेतीन आमच्या गच्चीवर कुणी चढायचे नाही. तो कुरकुरला, मजुरी वाढेल म्हणाला. वाढली. चार दिवसांचे काम सहा दिवस चालले, आणि सहाही दिवस पेजेचे भांडे एक माप मोठे चढत होते.