बाहेर गेलेली पुस्तकं

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात वाचकाला पुस्तक दिसत नसे, त्याचा क्रमांक दिसत असे. कपाटं काउंटरच्या पलीकडे, जाळीच्या दारांची, कुलूपबंद. अलीकडे एक लांबट बाक आणि त्यावर सुतळीने बांधलेल्या, कोपरे मऊ पडलेल्या याद्या. कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवास, शास्त्र आणि सगळ्यात शेवटी, कुठेच न बसणाऱ्यांसाठी, संकीर्ण. यादीतून चार-पाच क्रमांक काढायचे, पसंतीच्या क्रमाने चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी काकांच्या हाती द्यायची. काका आत जात, बऱ्याच वेळाने हात झटकत येत आणि सांगत, "सगळी बाहेर आहेत. हे ने."

‘हे’ म्हणजे त्या संध्याकाळी कपाटात जे शिल्लक असेल ते. कादंबऱ्या कधीच शिल्लक नसत. शिल्लक असायचं मधमाश्यापालन, कुणाची तरी काशीयात्रा, विजेचे शोध, हैदराबाद संस्थानाची हकिकत. माझ्या वाचनात इतके विषय कसे आले, असं कुणी विचारलं तर माझ्या जिज्ञासेचं कौतुक करायला मी तयार नाही. गावातल्या इतर लोकांनी कादंबऱ्या वेळेवर परत केल्या असत्या, तर मी आयुष्यभर कादंबऱ्याच वाचल्या असत्या.

आईचं पुस्तक बदलून आणणं हेही माझ्याकडेच असे. दळण आणि पुस्तक एकाच फेरीत. आईला हव्या असत सामाजिक कादंबऱ्या, जमल्यास दोन भागांतल्या. एकदा मी तिच्यासाठी विषारी-बिनविषारी सापांवरचं पुस्तक घेऊन आले. "हे काय उचलून आणलंस?" म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी वाचनालयाची साप्ताहिक सुट्टी होती आणि घरात वाचायला दुसरं काही नव्हतं. सुट्टी संपायच्या आत पुस्तक संपलं. पुढे परसात निघालेल्या धामणीवर शेजारी काठ्या घेऊन धावले, तेव्हा आई मधे उभी राहिली आणि ती बिनविषारी असते, उंदीर खाते, हे सगळ्या आळीला सुनावून आली. कादंबरी मिळाली असती तर धामण मेली असती.

यादीतल्या वर्गवारीलाही फारसा शहाणपणा नव्हता, आणि ते एका अर्थी बरंच झालं. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आमच्याकडे धार्मिक पुस्तकांत होतं. महाभारत म्हणून ते भक्तिभावाने नेणारी मंडळी आठवड्याने कपाळाला आठ्या घालून परत करत. त्या आठ्या पाहूनच मी ते मागितलं. मानववंशशास्त्र नावाचं काही असतं आणि त्या नजरेने कुंतीकडे, गांधारीकडे पाहता येतं, हे मला कुठल्याही वर्गात कळलं नाही. चुकीच्या रकान्यामुळे कळलं. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६चं. आमच्या यादीत ते निबंधांत होतं, म्हणजे शाळेला घाबरणारं कुणीही तिकडे फिरकणार नाही अशा जागी. आमच्या वाट्याला ते अगदी कोऱ्या अवस्थेत आलं.

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं. गुलामीत जन्मलेला अमेरिकेतला एक कृष्णवर्णीय मुलगा कृषिशास्त्रज्ञ होतो, भुईमुगापासून नाना वस्तू बनवतो, ही गोष्ट मला वाचायची आहे, असं म्हणत महाराष्ट्रातलं कुणीही वाचनालयात गेलेलं नसणार. हा विषय मराठीत आणला तो एका ग्रंथपाल बाईंनी, याचं मला कधीच नवल वाटलं नाही. न मागितलेल्या पुस्तकांत ज्यांचा दिवस जातो त्यांनाच असलं काही सापडतं.

ग्रंथपालनाचे पाच नियम एस. आर. रंगनाथन यांनी १९३१मध्ये मांडले. त्यातला तिसरा नियम प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे असं सांगतो, आणि त्यासाठी कपाटं उघडी ठेवा, वाचकाला हाताळू द्या, असा त्यांचा आग्रह होता. आमच्या वाचनालयाने कपाटं उघडली नाहीत. पण काकांच्या त्या एका वाक्याने तिसऱ्या नियमाची सोय परस्पर लावून टाकली होती.

नव्या पुस्तकाची खबर मात्र फार हळू यायची. रविवारच्या पुरवणीतलं परीक्षण, ‘ललित’चा अंक, दिवाळी अंकांतल्या प्रकाशकांच्या जाहिराती, संपले मार्ग. ‘ललित’ १९६४ साली मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी सुरू केला. आमच्याकडे तो गुरुजींच्या घरून वकिलांकडे आणि तिथून आमच्याकडे येईपर्यंत पुढचा अंक निघालेला असे. काही पुस्तकांची परीक्षणं मी इतक्यांदा वाचली की पुस्तक वाचायचं राहून गेलं तरी चाललं. वर्षातून एकदा नगरपालिकेच्या सभागृहात प्रदर्शन भरायचं. तिथे टेबलांवर पाककृतींच्या शेजारी शेअर बाजार आणि त्याच्या शेजारी ज्ञानेश्वरी अशी मांडणी असे. हातात मोजके पैसे, त्यामुळे एकच पुस्तक घ्यायचं आणि बाकीची उभ्या उभ्या जमेल तितकी वाचून काढायची. मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं त्यात सर्वांत स्वस्त. कागद गुळगुळीत, चित्रं रंगीत, मराठी जरा पाहुणं. शासनाची प्रकाशनंही अशीच कवडीमोल किमतीत मिळत, फक्त ती घ्यायला शासकीय ग्रंथागारात जावं लागे आणि तिथल्या माणसाला आपण पुस्तक विकत घ्यायला आलो आहोत हे पटवून द्यावं लागे.

पुढे नोकरीसाठी मुंबईला आले आणि स्ट्रँड बुक स्टॉल पाहिला. टी. एन. शानभागांनी १९४८ साली स्ट्रँड सिनेमाच्या आवारातल्या एका छोट्या स्टॉलपासून सुरुवात केली होती. मी पाहिलं ते फोर्टातलं दुकान. पुस्तकं जमिनीपासून छतापर्यंत, जिन्यावरसुद्धा. आणि इथे कुलूप नव्हतं! कितीही वेळ वाचत उभं राहिलं तरी कुणी हटकत नसे, आणि छापील किमतीवर सूट मागावी लागत नसे, ती आपणहून मिळे. सुंदराबाई हॉलमधला त्यांचा वार्षिक सेल म्हणजे तर झुंबड. तिथे ठरवून काही शोधायला जाणारा माणूस हमखास हताश होई. गर्दीच्या रेट्याने आपण ज्या टेबलाशी ढकलले जाऊ तो आपला विषय. मी अशीच एकदा नकाशांच्या इतिहासापाशी ढकलली गेले आणि पुढचं वर्षभर तिथेच राहिले. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर तर विषयसुद्धा नसत, नुसते ढीग असत. कुणाचं तरी अख्खं कपाट रिकामं होऊन तिथे आलेलं असे, आणि दहा पुस्तकं चाळली की तो माणूस काय करत असेल याचा अंदाज येई: बोटीवरचा इंजिनिअर, होमिओपॅथीचा नाद असलेला, निवृत्तीनंतर गुलाब लावणारा. पदपथावरचे ते विक्रेते २००५ साली हटवले गेले. स्ट्रँड २०१८मध्ये बंद झालं.

हे सगळं गोड वाटतं, पण तेव्हाच्या वाचनालयाला मी फार ओवाळणार नाही. नवी पुस्तकं काउंटरखालच्या खणात असत आणि ती डॉक्टरांच्या, सराफांच्या घरी आधी जात. आमच्यापर्यंत येताना त्यांची निदान पहिली चार पानं तरी गेलेली असत. याहून मोठी गोष्ट म्हणजे पुस्तकं निवडायला एक समिती होती. समितीत कोण असणार, हे तालुक्याचं गाव ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली ग्रंथालीने काढलं. वाचक चळवळ म्हणून ग्रंथाली गावोगाव पोचत होती, महाराष्ट्रभर त्या पुस्तकाची चर्चा होती, आणि आमच्या यादीत त्याला क्रमांकच नव्हता. क्रमांक नाही म्हणजे ते बाहेर गेलेलंही नाही. त्याच्याऐवजी दुसरं मिळण्याचा प्रश्नच येत नव्हता, कारण ते मागताच येत नव्हतं. काकांच्या कपाटाने माझं जग रुंद केलं, हे खरं. पण त्या रुंदीला भिंत होती आणि ती भिंत आहे हे कळायला गाव सोडावं लागलं.

आता कुणाचीच समिती आड येत नाही. गडचिरोलीत बसा नाहीतर कॅलिफोर्नियात, बुकगंगावर पुस्तकाची पहिली पानं चाळता येतात, आठवड्यात पुस्तक दारात किंवा त्याच मिनिटाला पडद्यावर. मराठीतलं ललितेतर लेखनही तेव्हाच्या मानाने किती पसरलं आहे! अच्युत गोडबोल्यांनी विज्ञान, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, संगीत असे एकेक जाडजूड ठोकळे मराठीत आणून ठेवले. गिरीश कुबेरांनी तेलाचा इतिहास एखाद्या रहस्यकथेसारखा सांगितला. नंदा खरे यांनी ‘कहाणी मानवप्राण्याची’ लिहिली, हरारीचं ‘सेपिअन्स’ मराठीत आलं. माझ्या लहानपणी यातलं एक पुस्तक वाचनालयात आलं असतं तर त्याच्यासाठी रांग लागली असती. नसतीही लागली म्हणा. मग काकांनी ते माझ्या हातात कोंबलं असतं.

हेच कोंबणं आता होत नाही. हवं ते पुस्तक आता कधी बाहेर गेलेलंच नसतं. पुस्तकाच्या खाली लगेच ‘हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं’ अशी ओळ येते आणि त्या ओळीत तोच विषय, तोच सूर, बहुतेकदा तोच लेखक. मी पानिपतावरचं एक पुस्तक घेतलं, तर सहा महिने मला नुसत्या लढाया दाखवल्या गेल्या. लढाया संपल्यावर सेनापती. पुस्तकांच्या मोठ्या दुकानांतही दर्शनी जागा यशस्वी, श्रीमंत आणि शांत कसं व्हावं हे सांगणाऱ्या पुस्तकांनी बळकावली आहे. त्यांची वेष्टनं इतकी सारखी असतात की एखादं चुकून दुसऱ्याच्या जागी ठेवलं तरी कुणाला पत्ता लागू नये.

आईची दृष्टी आता अधू झाली. नातवाने तिला मोबाइलवर पुस्तकं ऐकण्याची सोय करून दिली, आणि तिने आयुष्यभर न मिळालेल्या सगळ्या कादंबऱ्या धडाधड ऐकून काढल्या. नंतर कंटाळली. "एक ऐकली की तो तशीच दुसरी लावतो," तिची तक्रार. नातू समजावू लागला, आजी, तुला जे आवडतं तेच तो देतो. "मला काय आवडतं ते मला तरी कुठे माहीत आहे?" ती म्हणाली. मग त्याने मारुती चितमपल्लींचं नाव टाकलं. सध्या आमच्या घरी पक्षी चालू आहेत.

भिलारला मात्र मजा वाटली. पाचगणीजवळच्या या गावात २०१७पासून घराघरांत पुस्तकं ठेवली आहेत, विषयवार. एका घरी इतिहास, दुसऱ्या घरी विज्ञान, तिसऱ्या घरी चरित्रं. आम्ही गेलो त्या दिवशी कादंबऱ्यांच्या घरात शाळेची सहल बसली होती. साहजिकच शेजारी गेलो.

तरी एक गोष्ट फोनने दिली आहे जी काकांना शक्य नव्हती. जुन्या, मालकी हक्क संपलेल्या मराठी पुस्तकांच्या छायाप्रती आता फुकट वाचता येतात. १८७५ सालचं ‘सूपशास्त्र’ मी असंच वाचलं. स्वयंपाक राहिला बाजूला, तेव्हाची वजनं-मापं आणि भांडी यांतच गुंतले. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२चं. ते जवळजवळ विस्मरणात गेलं होतं, स. गं. मालश्यांनी १९७५मध्ये पुन्हा छापून आणलं. मधल्या नव्वदेक वर्षांत ते हाती यावं अशी सोयच नव्हती. आज ते मिळायला अर्धं मिनिट पुरतं, पण शोधपेटीत टाकायला ताराबाईंचं नाव आधी ठाऊक हवं. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, ती मी हल्ली याच कामासाठी उघडते. कुठलंही पान काढायचं, जे नाव अजिबात ओळखीचं नाही त्यावर बोट ठेवायचं आणि तेच शोधायला लागायचं. निम्मी नावं सापडत नाहीत. त्यांच्या आसपासची दुसरीच काही सापडतात, ती वाचते.