रानातली चाल

पाहुण्यांना थिबा पॅलेस दाखवायला नेलं, की मी राजवाड्यापेक्षा ब्रह्मदेशाबद्दलच जास्त बोलतो. १८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी जेमतेम दोन आठवड्यांत राजधानी मंडाले घेतली आणि तिथला राजा थिबा याला पुढं रत्नागिरीत आणून ठेवलं. रानातली लढाई मात्र त्यानंतर कित्येक वर्षं चालू राहिली.

माझी नोकरी गोरखा पलटणीतली, बरीचशी ईशान्येच्या डोंगरांत, तसल्याच रानात गेली. लोक खुकरीबद्दल विचारतात. तिचा पराक्रम खराच. पण मी तिला जास्त पाहिलं ते मुक्कामावर बांबू तासताना. शत्रूच्या जवळ जाताना ती म्यानातच राहते, कारण बांबूवरचा एक घाव पलीकडच्या डोंगरापर्यंत ऐकू जातो.

रानात माणूस जगतो तो चालीवर. पाण्याची बाटली एकतर काठोकाठ भरलेली हवी, नाहीतर रिकामी. अर्धी बाटली डुचमळते. रायफलच्या पट्ट्याची कडी चिंधीनं बांधायची. घात लावून बसायचं असेल, तर आधीपासून साबण, तेल, विडी बंद. सर्वांत पुढचा स्काऊट थांबला की मागची ओळ जागीच थिजते. वाटेवर आडवं कोळ्याचं जाळं शाबूत आहे, म्हणजे इतक्यात कुणी गेलेलं नाही. ओलं पान फिकी बाजू वर करून पडलंय, म्हणजे कुणीतरी नुकतंच गेलंय.

हे मला माझ्या सुभेदारसाहेबांनी शिकवलं. माझा पाय घाईला आला की मागून हळूच यायचं, "बिस्तारै, हजूर." म्हणजे, हळू, साहेब. कोकणातला म्हणून पाऊस माझ्या अंगवळणी पडलेला होता. पाऊस दोन्ही बाजूंचे कान बंद करतो, म्हणून सरीत पुढं सरकायचं आणि ओसरली की थांबून ऐकायचं, हे मात्र त्यांचं.

२६ जून १९४४ला मणिपुरात बिशनपूरजवळ गोरखा पलटणीचे नायक अगनसिंग राई यांनी जपान्यांच्या मशीनगनच्या माऱ्यात घुसून, हातची गेलेली ठाणी परत घेतली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इतिहासात असा हल्ला लिहिला जातो, आणि तो लिहिलाच पाहिजे. पण हल्ल्याआधी चिखलात काढलेले तास कुणी लिहीत नाही, याची मला फार चुटपुट लागते.

मिझोराममध्ये वैरेंगटे इथं १९७०पासून लष्कराची शाळा रानातल्या चालीची ही विद्या शिकवते, आणि उत्तम शिकवते. तरी ती मुरते जुन्या जवानाच्या मागं नवा चालतो तेव्हाच. २०२२मध्ये अग्निपथ योजना आल्यापासून नेपाळमधली भरती थांबली आहे. जुने हवालदार निवृत्त होताहेत. त्यांच्या मागं चालणारा नेपाळच्या डोंगरातला पोरगा येत नाही. भारतातले जे येतात, त्यांची नोकरी चार वर्षांची, आणि पुढं राहणार चारांतला फार तर एक. स्काऊटची नजर तयार व्हायलाच तीन-चार पावसाळे लागतात.